मजेची हजेरी

परदेशी शिकायला गेलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात कुणी शिकू देत नाही. त्याला मजा करावी लागते. नुसती करून भागत नाही. ती वेळेवर करावी लागते, गटाने करावी लागते आणि केल्याचा फोटो काढावा लागतो.

पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातून मी एका सत्रापुरता फिनलंडमधल्या टाम्पेरे शहरात गेलो. व्हिसाची तयारी केली होती, थंडीची केली होती, आईने मेतकुटाची केली होती. मजेची तयारी मात्र कुणीच केली नव्हती. खोलीवर पोचून बॅग टेकवतो न टेकवतो तोच फोनवर आठवड्याचं वेळापत्रक येऊन पडलं. सोमवारी ओळखसमारंभ, मंगळवारी शहरभर शोधमोहीम, बुधवारी तळ्याकाठी खेळ, गुरुवारी गाण्यांची मेजवानी, शुक्रवारी जंगलात बेऱ्या वेचणे, शनिवारी सॉना आणि रविवारी 'सामूहिक विश्रांती'. तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'उपस्थिती ऐच्छिक.' पुण्यात वाढलेला माणूस ऐच्छिक या शब्दावर विश्वास ठेवत नाही. मी सगळीकडे जायचं ठरवलं.

निघताना बाबा म्हणाले होते, "चार लोकांत मिसळ." आई म्हणाली होती, "फार मिसळू नकोस." आजी म्हणाली होती, "कुणी काही दिलं तर आधी वास घे, मग खा." तिघांपैकी आजीचा सल्ला पहिल्याच दिवशी कामाला आला. तो मी ऐकला नव्हता ही गोष्ट वेगळी.

झालं असं की ओळखसमारंभाच्या दारातच एका मुलीने हसून माझ्यापुढे काळ्या गोळ्यांची डबी धरली. त्यांना साल्मियाक्की म्हणतात. फिनलंडची ही लाडकी गोळी. ज्येष्ठमधासोबत त्यात अमोनियम क्लोराइड असतं, म्हणजे आपला नवसागर. जो नवसागर आमच्या वाड्यात कल्हईवाला तापल्या पातेल्यात टाकायचा आणि पांढऱ्या धुराने सगळे ठसकायचे, तोच इथे पाहुण्याच्या तोंडात टाकतात. मी दोन घेतल्या. त्यानंतरचा अर्धा तास माझी आतून कल्हई चालली होती. डोळ्यांतून पाणी, नाकातून वाफ आणि चेहऱ्यावर आंतरराष्ट्रीय मैत्रीचं हसू, अशा थाटात मी जगाला सामोरा गेलो.

ओळखी करून घ्यायला हे गाव तसं नवखं नाही. लेनिन आणि स्टालिन एकमेकांना पहिल्यांदा भेटले ते इथेच, १९०५ साली, पक्षाच्या परिषदेत. त्या ओळखीचं पुढे काय झालं ते जगाने पाहिलं. त्यामुळे मी जपूनच हात मिळवत होतो.

दिवाणखान्याएवढ्या खोलीत साठ-सत्तर मुलं आणि प्रत्येकाकडे प्रश्न चारच. नाव काय, देश कुठला, विषय कोणता, किती महिने राहणार. उत्तरं कुणीच ऐकत नव्हतं, कारण प्रत्येक जण मनात आपल्या उत्तरांची उजळणी करत होता. पाचवा प्रश्न कुणाकडेच नव्हता. चौथं उत्तर संपलं की दोघेही आपापल्या ग्लासात बघायचे. मग कुणीतरी म्हणायचं, "इथे थंडी फार पडते म्हणे." दुसरा म्हणायचा, "हो, म्हणतात." आणि जन्मजन्मांतरीची ओळख पटल्यागत दोघे फोन नंबर घ्यायचे.

माझ्या नावात 'ज्ञ' आहे. एवढं सांगितलं की पुढची कथा मराठी वाचकाला सांगायला नको. एका स्पॅनिश मुलाला मी दोनदा नाव सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर त्याने खिशातून कागदी रुमाल काढून दिला. मग मीच म्हटलं, "नावात काय आहे, देश लक्षात ठेव." देश ऐकल्यावर प्रत्येकाच्या मित्राचा कुणीतरी मित्र गोव्याला जाऊन आलेला निघायचा. अर्थात मीही काही कमी केलं नाही. ब्राझीलच्या मुलाला म्हटलं "फुटबॉल!", स्वित्झर्लंडच्या मुलीला म्हटलं "चॉकलेट!", आणि स्लोव्हाकियाच्या गंभीर मुलाला म्हटलं, "स्लोव्हेनिया फार सुंदर आहे म्हणे." तो म्हणाला, "असेल. मी गेलेलो नाही."

आमच्या गटाला एक ट्यूटर दिला होता. ट्यूटर म्हणजे शिकवणारा नव्हे. आपल्यापेक्षा दोन वर्षं पुढचा विद्यार्थी, पाहुण्यांना बसपासून बँकेपर्यंत सगळं दाखवून देणारा. आमचा ट्यूटर सव्वासहा फूट उंच होता आणि बोलायला पैसे पडत असावेत इतकं त्याचं बोलणं बेताचं होतं. मी काहीही विचारलं की तो एकदम श्वास आत ओढायचा आणि त्या ओढलेल्या हवेतून 'यो' असा आवाज यायचा. पहिल्यांदा मला वाटलं, याला दमा आहे. मी धावत पाणी आणलं. त्याने पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पाणी प्यायला, आणि पुन्हा श्वास आत ओढून 'यो' केलं. रात्री गटातल्या एका जर्मन मुलीने उलगडा केला की फिनिश लोक 'हो' म्हणताना कधी कधी श्वास बाहेर सोडत नाहीत, आत घेतात. होकारालाही हवा खर्च करायची नाही म्हणजे काटकसरीची कमाल झाली. सदाशिव पेठेला अजून बरंच शिकायचं आहे.

माझा स्वभाव याच्या नेमका उलटा. आमच्या घरात दोन माणसं एका वेळी बोलत असली तर त्याला शांतता म्हणतात. तेव्हा ट्रामच्या थांब्यावर शेजारी उभं राहून मी त्याचं मन रमवायचा विडा उचलला. म्हटलं, "सबंध फिनलंडची वस्ती छप्पन्न लाखांच्या आसपास ना? आमचा एकटा पुणे जिल्हा २०११ च्या जनगणनेतच चौऱ्याण्णव लाखांवर होता!" तो बराच वेळ विचार करत राहिला. ट्राम आली, आम्ही चढलो, दोन थांबे गेले. मग तो म्हणाला, "तुम्ही गप्प बसायला कुठे जाता?"

मला उत्तर सुचलं नाही.

मंगळवारी शोधमोहीम. जमायची वेळ सहा. सकाळीच आम्हाला सांगितलं होतं की वेळापत्रकात बारा लिहिलं असेल तर तास सव्वाबाराला सुरू होतो. ही इथल्या विद्यापीठांची जुनी रीत आहे. हे ऐकून मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं आणि मी सव्वासहाला ऐटीत पोचलो. गट सहाला निघून गेला होता. तासाला पंधरा मिनिटांची सवलत आहे, मजेला नाही. धापा टाकत मी त्यांना शहरातल्या धबधब्याच्या पुलावर गाठलं. स्पॅनिश मुलगा सातला आला, आणि एवढ्या लवकर आपण कसे आलो याचं त्यालाच आश्चर्य वाटत होतं.

या मोहिमेत ठिकठिकाणी जाऊन नेमून दिलेली कामं करायची आणि पुरावा म्हणून फोटो काढायचे. एक काम होतं, 'तामेलाच्या बाजारात मुस्तामक्कारा खा.' ही टाम्पेरेची शान. डुकराचं रक्त आणि राईचं भरड पीठ आतड्यात भरून केलेलं काळंकुट्ट सॉसेज, सोबत लाल लिंगनबेरीचा मुरांबा. मी घरी शाकाहारी आणि बाहेर परिस्थितीनुसार. पण ही परिस्थिती माझ्या झेपेबाहेरची होती. मी नुसतं हातात धरून फोटो काढला आणि ती वस्तू स्लोव्हाकियाच्या स्वाधीन केली. फोटो कुणीतरी इन्स्टाग्रामवर टाकला. दहा मिनिटांत आईचा फोन.

"ते हातात काळं काय होतं रे?"

"भरलं वांगं, आई."

"तिकडे वांगी मिळतात? मग बरं. मसाला कुणी वाटून दिला?"

काही प्रश्नांना नेटवर्क जाणं हेच एक उत्तर असतं.

सगळ्यात अवघड काम शेवटी होतं, 'अनोळखी माणसाशी हात मिळवा.' मला हसूच आलं. पीएमपीच्या बसमध्ये स्वारगेट ते कात्रज एवढ्या वेळात मी शेजारच्याच्या मुलीचं स्थळ, पगार आणि मूळव्याध इथवर पोचतो. बाकावर एक आजोबा बसले होते. मी हात पुढे केला. आजोबांनी हाताकडे पाहिलं आणि विचारलं, "का?"

एका शब्दाचा प्रश्न. पण त्याला माझ्या सबंध संस्कृतीकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "अहो, स्पर्धा आहे. गुण मिळतात."

"असं होय!" आजोबा लगेच उठून उभे राहिले, टोपी काढली, खणखणीत हात मिळवला, फोटो नीट आला का ते पाहिलं, केस सारखे करून पुन्हा एकदा काढायला लावला आणि गटातल्या सगळ्यांशी ओळीने हात मिळवला. कारण सांगा, नियम सांगा, मग हा माणूस तुमच्यासाठी पर्वत उचलेल. उगाचच बोलायला जाल तर मात्र तो दुसऱ्या बाकावर जाऊन बसेल.

बुधवारच्या खेळात तर नियमच नियम. मोल्क्यु नावाचा हा खेळ १९९६ साली लाहती गावात निघाला. एक ते बारा आकडे लिहिलेल्या लाकडी खुंट्या उभ्या करायच्या आणि लांबून ओंडका फेकून पाडायच्या. एकच पडली तर तिच्यावरचा आकडा तुमचा. जास्त पडल्या तर जितक्या पडल्या तितके गुण. नेमके पन्नास झाले की जिंकलात. एकावन्न झाले तर मात्र थेट पंचविसावर घसरगुंडी. अधिक मिळवणं हा गुन्हा समजणारा असा खेळ स्पर्धापरीक्षांच्या गावातून आलेल्या माणसाला कसा पचावा? मी एकोणपन्नासपर्यंत छान पोचलो. हवा होता फक्त एक. जोर लावून फेकलं, पाच पडल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी दोन्ही हात उंचावले आणि ट्यूटरने शांतपणे पाटीवर पंचवीस लिहिलं. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. अंधार पडेपर्यंत मी पन्नासच्या आसपास घिरट्या घालत होतो. ऑगस्टअखेर तिथे अंधार पडायला नऊ वाजतात. शेवटी बाकीच्यांना भूक लागली म्हणून मला विजयी घोषित करण्यात आलं.

गुरुवारी दुपारी कँटीनला वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक. फिनलंडमध्ये गुरुवारी हेच, लष्करातही हेच. आठवड्यात प्रथमच मला आपल्या ओळखीचं काहीतरी ताटात दिसलं आणि मी तीन वाट्या सूप घेतलं. त्याचा परिणाम संध्याकाळी गायनात दिसायचा होता.

संध्याकाळच्या मेजवानीला सित्सित म्हणतात. ही मूळची स्वीडिश विद्यार्थ्यांची चाल. लांबच लांब टेबलं, प्रत्येकाच्या पानापुढे गाण्यांचं पुस्तक, आणि नियम असा की गाणं झाल्याशिवाय ग्लास तोंडाला लावायचा नाही. आमचे आजोबा सांगायचे की जुन्या पंगतीत श्लोक म्हटल्याशिवाय घास घेता येत नसे. यजमान एकेकाकडे बघायचे आणि ज्याला श्लोक येत नाही तो मान खाली घालून मीठ चाचपायचा. ती पंगत आपल्याकडून गेली ती थेट इथे उगवली. फरक इतकाच की तिथे वाढपी फिरायचे, इथे गाणी सुरू करून देणारे यजमान फिरतात आणि कुणी फोन काढला, मध्येच उठला किंवा गाण्याआधी घोट घेतला की त्याला खुर्चीवर चढवून शिक्षा देतात.

या मेजवानीला पोशाख म्हणून ओव्हरऑल. गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध, प्रत्येक शाखेचा रंग वेगळा, आणि त्यावर हजर राहिलेल्या प्रत्येक कार्यक्रमाचं कापडी बिल्ल्याचं ठिगळ हाताने शिवायचं. तो सहसा धुवायचा नाही. मला एकाने आपला जुना दिला. तो ज्या कार्यक्रमांना गेला होता, त्यांतल्या बहुतेकांचा वास अजून त्यात शाबूत होता. नेमका तेव्हा घरून व्हिडिओ कॉल आला. आई माझ्याकडे बघत राहिली. मग आत हाक मारून म्हणाली, "अहो, इकडे या जरा. हा गॅरेजमध्ये लागला वाटतं."

ट्यूटरचा ओव्हरऑल निळा होता, पण त्याचा डावा पाय हिरवा. मी विचारलं, "हा असा का?" त्याने श्वास आत ओढला. 'यो.' विषय संपला.

तासाभराने मला तहान अनावर झाली आणि मी गाण्याआधीच लिंगनबेरीच्या रसाचा घोट घेतला. साधा रस, बिनदारूचा. पण कायदा तो कायदा. खुर्चीवर चढवलं. फर्मान सुटलं, "तुझ्या देशातलं गाणं म्हण." दीडशे माणसं माझ्याकडे बघताहेत आणि लहानपणी गाण्याच्या क्लासला घातलेले सगळे पैसे डोक्यातून वाहून गेलेले. एकही ओळ आठवेना. पोटात तीन वाट्या वाटाणे. घाबरलेल्या मराठी माणसाच्या तोंडून अशा वेळी जे आपोआप बाहेर पडतं तेच पडलं. मी खड्या आवाजात बेचा पाढा सुरू केला.

"बे एके बे!"

यजमानाने ओरडून सगळ्यांना मागून म्हणायला लावलं. "बे दुणे चार!" दीडशे कंठांतून बे दुणे चार. "बे त्रिक सहा!" टेबलांवर मुठी आपटू लागल्या. बे सक बारापर्यंत स्वीडिश मुलांनी दुसरा सूर धरला होता. बे दाहे वीसला सगळी सभा उभी राहिली, "किप्पिस!" असा गजर झाला आणि ग्लास रिकामे झाले. माझ्या तिसरीच्या बाईंनी छडी घेऊन जे कधी साधलं नाही ते फिनलंडने एका घोटासाठी करून दाखवलं.

यजमानाने विचारलं, "गाण्याचा आशय काय?"

मी म्हटलं, "माणसं दोन दोन करून जोडली गेली की हळूहळू सगळंच वाढत जातं."

एका फ्रेंच मुलीचे डोळे पाणावले. रात्रीपर्यंत ते गाणं आणखी चारदा म्हणावं लागलं.

शुक्रवारी सकाळी मला उठवेना. अंग मजेने आंबलं होतं. गालांचे स्नायू हसून हसून दुखत होते. हे दुखणं मला नवीन होतं. तरी डाळ संपली म्हणून आशियाई दुकानात गेलो. तूरडाळीच्या पिशवीवर माझा हात पडला आणि त्याच वेळी पलीकडून दुसरा हात पडला.

"मराठी का?" हाताच्या मालकाने, एका काकांनी, विचारलं. डाळ कशी निवडतो यावरून त्यांनी ओळखलं म्हणे.

"हो. पुणे."

"पुणे म्हणजे पुणे, की चिंचवड?"

"शनिवार पेठ."

"शनिवारात कुठे?" मग वाडा निघाला, वाड्यातले जोशी निघाले, जोशांची मेहुणी निघाली, ती काकांच्या मामेबहिणीची जाऊ निघाली. आठवडाभर साठ देशांच्या मुलांशी जेवढं बोललो नसेन तेवढं पाच मिनिटांत बोलून झालं. कुणाला पाचवा प्रश्न शोधावा लागला नाही. निघताना काका म्हणाले, "घरी या एकदा जेवायला." पत्ता विचारेपर्यंत काका डाळ घेऊन निघून गेले होते. परदेशातसुद्धा माणूस आपल्या मातीशी इमान राखतो, ते हे असं.

दुपारी बेऱ्या वेचायला जायचं होतं. फिनलंडच्या जंगलात कुणालाही जाऊन बेऱ्या आणि अळंबी वेचायचा हक्क आहे. जमीन कुणाचीही असो. फार उदात्त कायदा आहे. पण त्या जंगलात पुन्हा चार प्रश्न असणार होते. मी 'उपस्थिती ऐच्छिक' हे शब्द आठवले, मनाचा हिय्या केला, आणि धुण्याचे कपडे बगलेत मारून तळघरातल्या लाँड्रीत लपायला गेलो.

तिथे बाकावर आधीच जर्मन मुलगी बसली होती. तिच्या शेजारी स्लोव्हाकिया. कोपऱ्यात स्पॅनिश मुलगा. आयुष्यात पहिल्यांदा तो कुठेतरी सगळ्यांच्या आधी पोचला होता. आणि मशीनच्या पलीकडे, गुडघे पोटाशी घेऊन, आमचा ट्यूटर. त्याच्याजवळ कपडेच नव्हते. त्याच्यासमोरचं मशीन रिकामं फिरत होतं.

कुणी कुणाला काही विचारलं नाही. आम्ही पाच जण गोल काचेतून माझे मोजे फिरताना बघत बसलो. मध्येच जर्मन मुलीने बिस्किटांचा पुडा उघडून पुढे सरकवला. अर्ध्या तासाने स्लोव्हाकिया म्हणाला, "हा निळा मोजा एकटाच आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. ओळखसमारंभात जे जमलं नव्हतं ते तिथे आपसूक जमून गेलं. माणसांना एकत्र आणायचं असेल तर त्यांना एकाच कार्यक्रमातून पळ काढायला लावावं, असं माझं मत झालं आहे.

राहिला सॉना. छप्पन्न लाखांच्या या देशात तीस लाखांवर सॉना आहेत. संसदेच्या इमारतीत आहे. टाम्पेरेच्या पिस्पाला भागातला सार्वजनिक सॉना तर १९०६ पासून तापतो आहे. युनेस्कोने २०२० मध्ये ही परंपरा आपल्या वारशाच्या यादीत घातली. एवढा इतिहास वाचून मी मोठ्या आदराने गेलो, आईने दिलेला पंचा कंबरेला घट्ट गुंडाळून. दारात ट्यूटर होता, त्याच्या अंगावर काहीही नव्हतं. त्याने पंच्याकडे पाहिलं.

"हे खाली अंथरून बसायला," तो म्हणाला. "नेसायला नाही."

शनिवार पेठेच्या सात पिढ्या माझ्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी तोंडं फिरवली. मी डोळे मिटून आत शिरलो. आत लाकडी पायऱ्या होत्या. खालची पायरी रिकामी होती. पण मानाची जागा वरची, हे आमच्या रक्तातच आहे. मी सर्वांत वर जाऊन ऐसपैस बसलो. गरम हवा वर जाते हे पदार्थविज्ञान मला दहावीत पाठ होतं. ते आता लागू झालं. भिंतीवरचा काटा नव्वदला टेकलेला. पुण्यात एप्रिलमध्ये चाळीसला पोचला की आम्ही वर्तमानपत्रात पहिल्या पानावर छापतो. तेवढ्यात ट्यूटरने तापल्या दगडांवर पळीभर पाणी ओतलं. वाफ उठली, छतावरून फिरली आणि माझ्या कानांची चौकशी करून गेली.

आणि ट्यूटर बोलू लागला.

आठवडाभर ज्याच्या तोंडातून मी चार वाक्यं काढू शकलो नव्हतो, तो माणूस उकळत्या अंधारात घडाघडा बोलायला लागला. आजीचं तळ्याकाठचं लाकडी घर. तिथे पकडलेला पाईक मासा. वडिलांशी न पटणं. आणि तो हिरवा पाय. इथली जोडपी एकमेकांच्या ओव्हरऑलचे पाय कापून अदलाबदल करून शिवून घेतात. तो हिरवा पाय रसायनशास्त्राच्या एका मुलीचा होता. वसंतात मोडलं. पाय परत मागायला तिच्याशी बोलावं लागेल, म्हणून दोघेही अजून तसेच फिरताहेत. ती एका निळ्या पायाने, हा एका हिरव्या पायाने.

यावर मला सांगायला किती काही होतं! माझ्या मावसभावाचं मोडलेलं लग्न होतं, आत्याचे अनुभव होते, निदान चाळीस मिनिटांचा मजकूर तयार होता. पण तोंड उघडलं की वाफ आत जायची. एक शब्द फुटेना. त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "समजतंय ना तुला?" मी जिवाच्या आकांताने श्वास आत ओढला, आणि त्या हवेसोबत आपोआप आवाज आला, 'यो.'

तो कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तू फार छान ऐकतोस."

आयुष्यात मला हे कुणीही म्हटलेलं नाही. आईला सांगितलं तर ती नंबर चुकीचा लागला असं समजेल.

त्यानंतर मला तळ्यात ढकलण्यात आलं. ऑगस्टअखेरच्या त्या पाण्याचं वर्णन करायला लागणारे शब्द या मासिकात छापत नाहीत.

रविवारी सामूहिक विश्रांतीच्या वेळी बाबांचा फोन आला. त्यांना दोनच गोष्टींत रस होता. पहिली, जवळच्या नोकिया गावातून फोटो पाठवला की नाही. ती कंपनी १८६५ साली टाम्पेरेच्या धबधब्याकाठी कागदाच्या लगद्याची गिरणी म्हणून सुरू झाली आणि पुढे नोकिया गावावरून तिला नाव पडलं, हे मी त्यांना सांगितलं. तिथे आता फोनची नव्हे, टायरची फॅक्टरी आहे हे सांगितल्यावर ते थोडे खचले. त्यांचा जुना नोकिया अजून चालतो. मग दुसरा प्रश्न आला.

"ओळखी किती झाल्या?"

मी फोनमधली यादी उघडली. नावं एकाचीही लक्षात राहिली नव्हती, त्यामुळे यादी अशी होती: जर्मनी बिस्किट. जर्मनी उंच. स्पेन रुमाल. स्पेन दुसरा. फ्रान्स रडकी. स्लोव्हाकिया (स्लोव्हेनिया नव्हे). ब्राझील फुटबॉल. इटली, नक्की इटलीच का? या जगाच्या नकाशावर एकाही माणसाचं नाव नव्हतं. थोडी लाज वाटली. त्या सगळ्यांनी मात्र माझं नाव, ज्ञसकट, नीट लिहून ठेवलं असेल अशी कल्पना करून मी ट्यूटरला फोन लावला. तो शेजारच्याच खुर्चीवर बसून कॉफी पीत होता. टेबलावर त्याचा फोन उजळला. फिनिशमध्ये भारताला 'इन्तिया' म्हणतात. पडद्यावर अक्षरं आली:

इन्तिया बे.